चौदाव्या दिवसापासून

तेराव्याचं जेवण उरकतं. भाड्यानं आणलेल्या सतरंज्या आणि खुर्च्या टेम्पोत चढतात, दारातला चपलांचा ढीग ओसरतो, मामा-मावश्या आपापली एसटी धरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं दोन कपांचं आधण ठेवलं जातं. पाणी उकळायला लागल्यावर लक्षात येतं की आता एकच कप लागणार आहे. त्या वेळी घरात बोलायला कुणी नसतं, कारण ज्यांना यायचं होतं ते सगळे येऊन गेलेले असतात.

गेली काही वर्षं या दुःखाबद्दल एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: माणूस गेल्याचं दुःख हाही आता आजार ठरला का? त्याला कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तीत न ओसरणाऱ्या शोकाला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या नियमावलीतही ते घेतलं. "आईसाठी वर्षभर रडलं तर आता गोळ्या देणार का?" असा राग त्यावर उमटला. राग समजण्यासारखा आहे, पण तो गैरसमजावर उभा आहे. बहुतेकांना डॉक्टर लागत नाही. माणसं मात्र लागतात, आणि ती तेराव्यानंतरच जास्त लागतात.

शरीरात काय होतं

"ते गेले" हे डोक्याला कळलेलं असतं, पण तीस-चाळीस वर्षांच्या सवयीला ते कळलेलं नसतं. संध्याकाळी सातला फाटकाची कडी वाजली की कान टवकारतात. बाजारात त्यांच्या आवडीची मेथी दिसली की हात पुढे जातो. गेलेल्या माणसाची हाक ऐकू आल्यासारखी वाटणं, गर्दीत पाठमोरं तेच माणूस दिसणं, खोलीत त्यांच्या तपकिरीचा किंवा तेलाचा वास येणं, हे पुष्कळांना होतं. ते वेड लागल्याचं लक्षण नाही. सांगायची लाज वाटते म्हणून जो तो एकटाच घाबरत बसतो, एवढंच.

झोप पहाटे तीन-चारला मोडते. घास तोंडात फिरतो. गॅस चालू राहतो, किल्ल्या दारालाच लटकतात. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. यातलं बहुतेक आपोआप निवळतं, पण छातीचं मात्र गंभीरपणे घ्यावं. जोडीदार किंवा मूल गेल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका खरोखर वाढतो. शिवाय जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास नोंदवलेला एक वेगळा प्रकार आहे, ताकोत्सुबो. तीव्र धक्क्यानं हृदयाचा एक भाग फुगतो आणि ऑक्टोपस पकडायच्या जपानी मडक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सावरतात, पण लक्षणं हुबेहूब हार्ट अॅटॅकची असल्यामुळे घरबसल्या फरक कळत नाही. "दुःखानं होतंय, बसेल" असं म्हणत थांबू नये. १०८ ला फोन करावा, ईसीजी काढावा.

घरात गर्दी असते तेव्हा आणखी एक गोष्ट हमखास बिघडते. शोकात असलेल्या माणसाच्या स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चुकतात. त्याहून वाईट म्हणजे इन्सुलिन टोचलं जातं आणि जेवण मात्र होत नाही. मग साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, भोवळ येते आणि सगळे म्हणतात, "धक्क्यानं चक्कर आली." भेटायला आलेल्यांपैकी एकानं दुसरं काही करू नये, फक्त गोळ्यांचा डबा आणि दोन वेळचं खाणं सांभाळावं.

झोपाळा, पायऱ्या नव्हेत

शोकाच्या पाच पायऱ्या असतात असं कुठे ना कुठे वाचलेलं असतं: नाकारणं, राग, सौदेबाजी, खिन्नता आणि स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरांनी १९६९ मध्ये ही मांडणी केली, ती मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती नंतर चिकटवली गेली. प्रत्यक्षात लोक या क्रमानं जात नाहीत. "मला रागच आला नाही, माझं काही चुकतंय का?" अशी काळजी करणारी माणसं भेटतात, ती या पायऱ्यांमुळेच.

त्यापेक्षा झोपाळा डोळ्यांपुढे आणावा. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये जे मांडलं, ते आपल्या ओसरीवरच्या झोपाळ्यानं चांगलं कळतं. एका टोकाला गेलेल्याची आठवण, रडणं, फोटो, कपाटातले कपडे. दुसऱ्या टोकाला वीजबिल, मुलांची परीक्षा, शेताची पेरणी, एखादा विनोद, भूक. माणूस दिवसातून दहादा या टोकाकडून त्या टोकाकडे जातो. सकाळी हसलेली बाई दुपारी हंबरडा फोडते, म्हणून सकाळचं हसणं खोटं ठरत नाही. झोका हलता आहे तोवर काळजीचं कारण नसतं. कुठल्याही एका टोकाला तो अडकला, म्हणजे अखंड रडणं तरी, नाहीतर आठवणच नको म्हणून अखंड काम तरी, की मदतीची वेळ आली असं समजावं.

त्यामुळे "रडून घे, मोकळी हो" आणि "कामात मन गुंतव" हे दोन्ही सल्ले अर्धे बरोबर आहेत. कुठला कधी द्यायचा, ते समोरच्या माणसाकडे पाहून ठरतं.

तेरा दिवस काय साधतात

धर्माचा भाग क्षणभर बाजूला ठेवून पाहिलं, तरी ही व्यवस्था पक्की आहे. घरात चूल पेटत नाही, म्हणजे स्वयंपाकाची जबाबदारी शेजाऱ्यांवर येते. सुतक आहे, म्हणजे कामावर जाण्याची अपेक्षा नाही. सावडणं, दहावा, तेरावा, म्हणजे ज्याला काहीच सुचत नाही त्याला उद्या काय करायचं ते ठरलेलं असतं. दुखवटा काढायला सोयरे येतात, नवं कापड देतात, गोड घास भरवतात: आता पुन्हा सणावारात ये, असा जाहीर परवाना. मुस्लीम कुटुंबात विधवेची चार महिने दहा दिवसांची इद्दत, गोव्यातल्या कॅथलिक घरांत सातव्या दिवसाचा आणि महिन्याचा मीस (चर्चमधली प्रार्थना), बौद्ध कुटुंबांत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, या सगळ्यांतही माणसं ठरलेल्या दिवशी जमतात.

मात्र ही घडी एकत्र कुटुंबाच्या आणि एकाच गावच्या जगण्यावर बसवलेली आहे. तेव्हा चौदाव्या दिवशीही घरात आठ-दहा माणसं असायची. आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक आई उरते आणि मुलाची रजा संपलेली असते. पहिल्या आठवड्यांत बधिरपणा असतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उतरायला लागतो, आणि तोवर फोनही थांबलेले असतात.

या व्यवस्थेला एक कुरूप बाजूही आहे. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, पुढं हळदी-कुंकवाला न बोलावणं. ज्या बाईला सर्वांत जास्त सोबत हवी, तिलाच सोबतीतून काढून टाकण्याची ही रीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ठराव करून या प्रथा बंद केल्या आणि राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठरावानं सगळं बदलत नाही. तरी पहिल्या संक्रांतीला वाण घेऊन तिच्या दारात जायला ठराव लागत नाही.

मदत मागायची कशी, द्यायची कशी

"काही लागलं तर सांग" हे वाक्य मनापासून म्हटलं जातं आणि त्यातून काहीच होत नाही. ज्याला आज जेवायचं की नाही हे ठरवता येत नाही, त्यानं मदतीचा विचार करायचा, ती कुणाकडे मागायची ते ठरवायचं आणि वर संकोच मोडून फोन करायचा? त्याऐवजी, "मंगळवारी संध्याकाळी सहाला येते, भाजी-पोळी घेऊन. अर्धा तास बसेन. बोलायचं नसलं तर टीव्ही बघू." यात वार आहे, वेळ आहे, किती वेळ बसणार ते आहे आणि न बोलण्याची मुभाही आहे. समोरच्याला फक्त "बरं" म्हणायचंय.

शोकात असलेल्यांनीही एकाच माणसावर सगळा भार टाकू नये. रडायला चालेल असं माणूस वेगळं असतं, बँकेत सोबत येणारं वेगळं, आणि ज्याच्याबरोबर क्रिकेटवर बोलून तासभर सगळं विसरता येईल असं आणखी वेगळं. बहुतेक रुसवे इथेच होतात. कागदपत्रांत तरबेज असलेल्या दिराकडून हळव्या शब्दांची अपेक्षा धरली जाते आणि "त्यांना काही वाटतच नाही" असा निष्कर्ष निघतो. त्यांना वाटतं. ते फॉर्म भरून दाखवतात.

तोंडातून काय जाऊ नये? "सुटले बिचारे", "देवाला चांगली माणसं आवडतात", "अजून वय आहे, दुसरं मूल होईल", "तुला आता मुलांसाठी खंबीर राहायला हवं". प्रत्येकातून एकच निरोप जातो: तुझं रडणं आवर. गेलेल्याचं नाव घ्या. "दादांनी लावलेला तो हापूस यंदा मोहरला का?" अशा वाक्यानं डोळ्यांत पाणी येईल, पण ते पाणी तुम्ही आणलेलं नसतं, आधीपासूनच असतं. आपल्या माणसाचं नाव इतरांच्या तोंडी येईनासं होतं, याचं दुःख फार खोल असतं.

तारखा लिहून ठेवा: तेराव्यानंतरचा तिसरा आठवडा, पहिला महिना, त्यांचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पितृपक्ष, वर्षश्राद्धाच्या आधीचा आठवडा. पहिल्या दिवाळीला दुःखाच्या घरी फराळ होत नाही आणि आप्त डबे पोचवतात, ही रीत अनेक घरांत अजून आहे. डबा दारात देऊन परत फिरू नये. आत बसून त्यातलाच एक लाडू दोघांनी खावा.

एक चूक फार प्रेमापोटी होते. वडील गेले की महिन्याभरात आईला गावाहून मुंबई-पुण्याला आणलं जातं आणि घर भाड्यानं दिलं जातं. नवरा गेलाच होता. आता शेजारीण, हरिपाठाचं मंडळ, दूधवाला, ओळखीची पायवाट, सगळं एकदम जातं. दहाव्या मजल्यावर टीव्हीसमोर बसलेली आई "खचली" असं मग घरातले म्हणतात. तब्येत किंवा सुरक्षेचं तातडीचं कारण नसेल, तर घर, शेत, गाव याबद्दलचे मोठे निर्णय सहा महिने ते वर्षभर पुढे ढकलावेत. आठवडाभर मुलाकडे, तीन आठवडे आपल्या घरी, असं आलटूनपालटून राहता येतं. भजनी मंडळाकडे नुसतं भाविकपणा म्हणून बघू नये. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, नाही गेलं तर "काल का आल्या नाहीत?" असं विचारणारी माणसं, आधारगटाकडून याहून फार वेगळं काही अपेक्षित नसतं.

ज्याला दुखवटाच नाही

काही मृत्यूंना भेटायला कुणी येत नाही. गर्भ पाचव्या महिन्यात गेला, तर आईला आठवड्यात स्वयंपाकघरात उभं राहावं लागतं. घटस्फोटित नवरा वारला, तर रडायचा हक्क कुणाचा हेच कळत नाही. जगाला न सांगितलेल्या नात्यातलं माणूस गेलं, तर मागच्या रांगेत उभं राहून "मित्र होता" एवढंच म्हणता येतं. नव्वदीच्या आजीसाठी रडणाऱ्या नातवाला "वय झालं होतं" असं सांगितलं जातं. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८० च्या दशकात अशा मान्यता न मिळालेल्या शोकाकडे लक्ष वेधलं. हे दुःख कमी नसतं. त्याला बसायला सतरंजी मिळत नाही, एवढाच फरक.

आत्महत्येनं गेलेल्यांच्या घरात तर पोलिसांचा जबाब, शवविच्छेदन, गावातली कुजबुज आणि "आपल्याला आधी कसं कळलं नाही" हा प्रश्न, सगळं एकदम कोसळतं. त्यात शेतकरी कुटुंब असेल तर सावकार आणि बँकही दारात असतात. अशा घरी कारण विचारायला जाऊ नये. नेहमी मयताच्या घरी जातो तसंच जावं, तितकेच दिवस बसावं. अशाच अनुभवातून गेलेल्या लोकांशी बोलणं इथे विशेष उपयोगी पडतं. आत्महत्या प्रतिबंधाचं काम करणारी पुण्यातली कनेक्टिंग ट्रस्ट मागे राहिलेल्या कुटुंबीयांसाठीही काम करते.

मग आजार कधी म्हणायचं?

मोडलेल्या हाडाचं उदाहरण घेऊ. बहुतेक हाडं शरीर स्वतःच जोडतं. आधार लागतो, वेळ लागतो, थंडीत दुखतं. काही हाडं मात्र जुळतच नाहीत, आणि तिथे "वेळ जाऊ दे" म्हणणं चुकीचं ठरतं. नैसर्गिक मृत्यूनंतर साधारण दहा प्रौढांत एकाचा शोक असा अडकून राहतो, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलं आहे. अपघात, आत्महत्या, खून किंवा मुलाचा मृत्यू असेल तर हे प्रमाण बरंच वाढतं.

या अडकलेल्या शोकाला दीर्घकालीन शोकविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना किमान सहा महिन्यांची अट घालते, अमेरिकी नियमावली प्रौढांसाठी वर्षाची आणि मुलांसाठी सहा महिन्यांची. पण नुसतं कॅलेंडर बघून निदान होत नाही. त्या माणसाची तीव्र ओढ किंवा त्याच्याच विचारात गुंतून राहणं जवळजवळ रोज असावं लागतं, आणि सोबत आणखी काही खुणा: आपलाच एक भाग मेला असं वाटणं, मृत्यू अजून खराच न वाटणं, आठवण येईल म्हणून एखादी खोली, रस्ता किंवा माणूस कटाक्षानं टाळणं, बधिरपणा, जगण्यात अर्थ न वाटणं, माणसांत असूनही कमालीचं एकटेपण. हे सगळं आपल्या समाजाच्या रीतीपलीकडचं आहे का आणि त्यामुळे रोजचं जगणं अडलं आहे का, हेही पाहिलं जातं. वर्षश्राद्धाला रडणारी, रोज फोटोला फूल वाहणारी, पण शाळेत शिकवायला जाणारी आणि नातवंडांत रमणारी बाई आजारी नाही. दोन वर्षांनंतरही मुलाच्या खोलीचं दार न उघडणारा, नोकरी सोडलेला, कुणाशी न बोलणारा बाप मात्र मदतीविना राहू नये.

नैराश्य वेगळं. शोकात मन त्या एका माणसाभोवती फिरतं आणि मधूनच नातवाच्या बोबड्या बोलण्यावर हसूही येतं. नैराश्यात सगळंच फिकं होतं आणि माणूस स्वतःलाच नालायक ठरवतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून तपासणी लागते.

सहा महिन्यांची वाट पाहू नये अशीही एक वेळ असते. "मलाही त्यांच्याकडे जायचंय" असं कुणी म्हणालं तर विषय बदलू नका. सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतो का? कसा, कधी, असं काही ठरवलंय का?" विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. "मला बरोबर नेलं असतं तर बरं झालं असतं" हे दुःखाचं बोलणं असू शकतं. त्यापुढे काही ठरवलेलं असेल, तर त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि फवारणीचे डबे कुलपात हलवा, १४४१६ वर फोन करा किंवा थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या.

१४४१६ वर फोन लावला की काय होतं

टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. "माझे यजमान चार महिन्यांपूर्वी वारले, झोप लागत नाही, कुणाशी बोलू कळत नाही" एवढं पहिलं वाक्य पुरतं. पहिलं संभाषण जमलं नाही, तर पुन्हा लावावा. माणसागणिक सूर वेगळा असतो.

समोरासमोर भेटायचं असेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आहे, तिथे केसपेपर काढून तपासणी होते. फोनवरच बोलायचं असेल, तर मुंबईतल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही दूरध्वनी-समुपदेशन सेवाही २०१२ पासून चालू आहे. घरातलं माणूस कर्करोगानं गेलं असेल, तर ज्या उपशामक (पॅलिएटिव्ह) सेवेत, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेत, त्यांची शुश्रूषा झाली तिथेच आधी विचारावं. मागे राहिलेल्यांना आधार देणं हा त्या कामाचाच भाग मानला जातो आणि तिथल्या नर्सला तुमच्या माणसाचे शेवटचे दिवस माहीत असतात.

पाट्यांमधला फरक लक्षात ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर, तेच औषध लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ते संवादातून उपचार करतात. समुपदेशक ही पाटी फार वेगवेगळ्या शिक्षणाची माणसं लावतात. म्हणून फोनवरच विचारावं: शिक्षण काय, शोकावर काम केलंय का, एक बैठक किती वेळाची, किती बैठकी लागतील, फी किती आणि ती कमी होऊ शकते का. पाऊण तास ते तासाभराची बैठक सर्वसाधारण असते. पहिल्याच भेटीत "सगळं विसरा" सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

दीर्घकालीन शोकविकारावर खास बेतलेला, सोळा बैठकींचा एक उपचार कोलंबिया विद्यापीठातल्या कॅथरीन शिअर यांनी तयार केला आणि चाचण्यांत तो उपयोगी ठरला. त्यात मृत्यूचा प्रसंग डोळे मिटून सांगायचा, त्याचं ध्वनिमुद्रण घरी ऐकायचं, टाळलेल्या जागी थोडं थोडं जाऊन यायचं आणि एका बैठकीत गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात बोलायचं, अशी कामं असतात. शेवटचं वाचून मराठी माणसाला दहाव्याचा घाट आठवेल. पिंडाला कावळा शिवत नाही, तेव्हा मुलगा हात जोडून मोठ्यानं म्हणतो, "आईची काळजी करू नका, धाकटीचं लग्न आम्ही नीट करू." राहून गेलेलं बोलून टाकण्याची ती एक जागा आहे. फक्त ती एकदाच, उन्हात, पन्नास माणसांसमोर मिळते आणि बहुधा मुलालाच मिळते. बायकोला किंवा मुलीला काय सांगायचं होतं, ते तसंच राहतं.

"झोपेची गोळी दिली तर निदान रात्र निघेल"

शेजारच्या काकूंची अर्धी गोळी दुःखाच्या घरात हमखास पोचते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी झोप येते, पण काही आठवड्यांत सवय लागू शकते, थांबवल्यावर बेचैनी वाढते आणि म्हातारी माणसं रात्री लघवीला उठताना पडतात. मग खुब्याचं हाड मोडतं. या गोळ्या डॉक्टरांनीच द्याव्यात, मोजक्या दिवसांसाठी. शोकावर स्वतंत्र गोळी नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांनी नैराश्य हटतं, ओढ हटत नाही. दारूचीही अशीच सवय लागते, आणि पुरुषांच्या बाबतीत ते जास्त बघावं लागतं. पुरुष रडत नाही म्हणून त्याला भेटायला येणारेही फक्त "बाकी काय?" विचारून उठतात.

"पण घर असताना बाहेरच्याला कशाला सांगायचं?"

यात तथ्य आहे. मागणी नसताना सरसकट सगळ्यांना लगेच समुपदेशन दिल्यानं फारसा फायदा दिसलेला नाही. ज्याचं हाड नीट जुळतंय त्याला शस्त्रक्रिया कशाला? पण घरातले सगळे एकाच वेळी दुःखात असतात, हेही खरं. मुलगी आईसमोर रडत नाही, आई मुलीसमोर रडत नाही, दोघी एकमेकींना जपतात आणि दोघी एकट्या पडतात. बाहेरच्या माणसाला जपावं लागत नाही. परदेशात राहणाऱ्यांना, ज्यांनी अंत्यविधी मोबाइलच्या पडद्यावर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले, त्यांना तर तेरा दिवसही मिळालेले नसतात. ब्रिटनमध्ये १९५९ पासून काम करणारी क्रूझ ही संस्था अशांशी बोलते. तिथल्या महाराष्ट्र मंडळानं एक संध्याकाळ ठेवून नुसतं पिठलं-भात आणि गेलेल्यांच्या आठवणी एवढं केलं, तरी चालेल.

लहान मुलांना काय सांगायचं

"बाबा देवाघरी झोपलेत" असं सांगितलेलं मूल रात्री झोपायला घाबरतं. "मोठ्या प्रवासाला गेलेत" म्हटलं तर रोज दारात उभं राहतं. "बाबा वारले. त्यांचं शरीर बंद पडलं. ते परत येणार नाहीत. तुझ्यामुळे झालं नाही. तुझ्याजवळ मी आहे" असं सरळ सांगावं. पाचेक वर्षांखालच्या मुलाला मरण कायमचं असतं हे उमगत नाही, ते तोच प्रश्न वीसदा विचारेल. उत्तर वीसदा तेच द्यावं. रडून लगेच खेळायला पळालं, तर त्याला दगडी काळजाचं समजू नये, त्याचा झोपाळा लहान असतो. वर्गशिक्षकांना कळवून ठेवावं.

कागद

अर्ज-फॉर्म हीही शोकातलीच दमछाक आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते. नंतर विलंबशुल्क लागतं आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखल्याच्या दहाएक प्रती एकदमच घ्या, आणि नावाचं स्पेलिंग आधारकार्डाशी तिथेच ताडून बघा. एका अक्षराच्या चुकीनं पेन्शन अडते. मृताचा पिन वापरून एटीएममधून पैसे काढू नका, वारसांतली भांडणं तिथून सुरू होतात. पासबुकात वर्षाला ४३६ रुपये कापल्याची नोंद आहे का, ते बघा. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची असते आणि वारसाला २ लाख मिळतात. अनेक घरांना हा विमा होता हेच माहीत नसतं. हे सगळं शोकात असलेल्यानं एकट्यानं करू नये. फाइल धरणारं माणूस सोबत हवं, आणि एका दिवशी एकच कचेरी.

त्यांचा मोबाइल नंबर घाईनं बंद करू नका. बँक, गॅस, विमा, सगळ्यांचे संदेश त्यावर येतात. ९० दिवस वापर झाला नाही तर तो आपोआपही बंद पडू शकतो, म्हणून छोटा रिचार्ज चालू ठेवा. व्हॉट्सअॅपचं खातं १२० दिवस न वापरल्यास पुसलं जातं. त्याआधी त्यांचे आवाजी संदेश आपल्या फोनमध्ये घ्या आणि पेनड्राइव्हवर दुसरी प्रत ठेवा. बहुतेक संदेश "येताना कोथिंबीर आण" असेच असतील. आज ऐकवणार नाहीत. ऐकायचे कधी ते नंतर ठरवता येईल.